न कापलेल्या बाह्या

मी एक किमोनो बोलतोय. रेशमी, निळा, अंगभर लाटा असलेला. आम्हाला चित्रात पाहून लोकांना वाटतं की किमोनो म्हणजे मोठी शांत, सोज्वळ जात. बाकीचे असतील तसे. मी नाही. मला घडी मानवत नाही. ठरलेल्या रेघांवर दुमडून, पातळ कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं की माझा जीव कासावीस होतो. आणि ऐन उमेदीची वर्षं मी नेमकी तशीच काढली.

माझा जन्म किर्यूचा. गाव रेशमाचं. थंडीत आकागी डोंगरावरून कोरडा वारा सुटतो, घरोघरची दारं खडखडतात, त्यात मागांचा खडखडाट मिसळतो. दार वाजलं की माग वाजला हे गावातल्या माणसालाही सांगता येत नाही. अशा ठिकाणी जन्मलेल्याला स्वस्थ बसायची सवय लागणार तरी कुठून?

माझी नक्षी काढली इवाओनं. तो समुद्रकाठच्या मासेमारांच्या वस्तीतून आलेला. गावातल्या एका विणकामाच्या कारखान्यात कापडाच्या नक्ष्या काढायचं काम करायचा. आणि मला विणलं मित्सुएनं, म्हणजे मालकांच्या थोरल्या मुलीनं. लाट कागदावर काढणं सोपं, धाग्यात उतरवणं महाकठीण. एक धागा सरकला की उसवा आणि पुन्हा विणा. एकदा ती वैतागून म्हणाली, या लाटा जरा एका जागी बसवता येत नाहीत का तुम्हाला? तो म्हणाला, समुद्र कधी बसलेला पाहिलाय का? तिनं समुद्रच पाहिला नव्हता. मग तो कसा असतो हे सांगायला इवाओ रोज तिच्या मागाशी येऊन उभा राहू लागला. समुद्र मोठा, एका दिवसात सांगून संपत नाही. घरात सगळ्यांना कळलं होतं. वडील नुसते खाकरायचे आणि पलीकडच्या खोलीत जायचे.

मी शिवून तयार झालो तेव्हा माझ्या बाह्या मित्सुएच्या घोट्यापर्यंत लोंबत होत्या. आमच्याकडे लांब बाह्या लग्नाआधीच्या मुलींच्या. लग्न झालं की त्या कापून आखूड करायच्या. कापलेली बाही दिसली की जग काय ते समजून घेतं. मला माझ्या बाह्यांचा गर्व होता हे कबूल करतो. वाऱ्यात त्या अशा उडायच्या की रस्त्यावरचे लोक वळून बघायचे.

पण बघण्याचे दिवस लवकरच संपले. महायुद्धाची लढाई लांबली आणि नटणं हा गुन्हा झाला. बायका ढगळ विजारीत दिसू लागल्या. पुलाच्या तोंडाशी महिला मंडळाच्या हागिवारा काकू अंगावर पांढरा पट्टा बांधून उभ्या राहायच्या आणि लांब बाहीची मुलगी दिसली की अडवायच्या. बाह्या कापा, कापड वाचवा, देश वाचवा. कात्री त्या सोबतच बाळगायच्या.

त्याच सुमारास इवाओला लष्कराचं बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी तो दुपारी कारखान्यात निरोप घ्यायला आला. मित्सुएनं मला अंगावर चढवलं होतं, घरातल्या घरात, कोणी बघणार नाही अशा बेतानं. तो मान खाली घालून बराच वेळ माझ्याकडेच बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"या बाह्या काप म्हणतील," तो म्हणाला. "कापू नकोस. परत आलो की मी कापीन."

बस. आमच्याकडचे पुरुष लग्नाची मागणी अशीच घालतात, उद्या अंगाशी आली तर मी कापडाबद्दल बोलत होतो म्हणायला मोकळे. पण मित्सुएला नीट कळलं. तिनं मान हलवली, मला काढलं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं. माझा तुरुंगवास तिथून सुरू झाला.

हागिवारा काकूंना नाही म्हणणं सोपं नव्हतं. एक दिवस त्या थेट घरीच आल्या. गल्लीत सगळ्यांनी बाह्या दिल्या, तुम्हीच तेवढ्या उरलात, शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवता, वगैरे. मित्सुएनं चटईला कपाळ टेकवून माफी मागितली, पुन्हा मागितली, त्यांना दारापर्यंत सोडायला गेली, तिथेही माफी मागितली, आणि बाह्या दिल्या नाहीत. लोक तिला हट्टी म्हणू लागले. कारखान्यातले माग लोखंडासाठी मोडून नेले, उरलेल्यांवर हवाई छत्र्यांचं कापड विणलं जाऊ लागलं. मी आत पडून नुसता आवाज ऐकत होतो.

लढाई संपली. इवाओच्या गावी त्याच्या आईकडे पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी पोचती झाली. अशा पेटीत मेलेल्या सैनिकाच्या अस्थी असायच्या. याची पेटी रिकामी होती. त्याच्या आईनं कोणाकडून तरी तसा निरोप धाडला. मित्सुए रडली नाही. रिकाम्या पेटीसाठी रडायचं कसं, म्हणाली. पेटीत कोणी नाही म्हणजे तो कुठेतरी असणारच, असा तिचा हिशेब.

मग उपासमार आली. शहरगावातली माणसं आपले कपडे खेड्यात नेऊन शेतकऱ्यांना द्यायची आणि तांदूळ, रताळी आणायची. आमच्या कपाटातले माझे सगळे भाऊबंद एकेक करून गेले. आईचा लग्नातला किमोनो गेला, मित्सुएच्या धाकट्या बहिणीचे, फुसाकोचे गेले. मी राहिलो. आई म्हणायची, लाटा उकळून पिणार आहेस का? मित्सुए मला आणखी आत सरकवून ठेवायची. त्या हिवाळ्यात वडील खोकून खोकून गेले. त्यांना सांजेची पातळ पेजही रोज मिळत नव्हती. आई एकदाच म्हणाली, त्या किमोनोचे निदान दोन पोती तांदूळ आले असते. पुन्हा कधी म्हणाली नाही, पण एकदा म्हटलेलं घरात राहतंच. मला तेव्हापासून कपाटात धड श्वास घेता येईना. ज्या बाह्यांचा मला एवढा तोरा होता, त्या मला जड वाटू लागल्या.

आता फुसाकोबद्दल सांगतो. बोलायची कमी, बघायची फार. ती टोकियोला गेली, एका मासिकात नोकरीला लागली आणि काही वर्षांनी तिनं एक कादंबरी लिहिली. मागावर विणणारी मुलगी, नक्षी काढणारा तरुण, न कापलेल्या बाह्या, सगळं तेच. फक्त शेवट तिचा. कादंबरीतली मुलगी विमानांच्या हल्ल्यात जळून मरते. तो तरुण लढाईवरून परत येतो आणि त्याच्या हाती तिच्या किमोनोची एक बाही लागते. म्हणजे मलाही जाळून टाकलं होतं, हे लक्षात घ्या. मला कोणी विचारलं नाही.

कादंबरी गाजली. बायका आगगाडीत, आंघोळीच्या सार्वजनिक हौदावर, केस करून घ्यायच्या दुकानात तिच्याबद्दल बोलत. वाचकांनी परस्पर ठरवून टाकलं की लेखिकेची बहीण खरोखर मेली असणार. फुसाकोनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

आणि मग सिनेमा कंपनीचे उसामी नावाचे गृहस्थ किर्यूला आले. त्यांना कादंबरीवर चित्रपट काढायचा होता आणि खरा किमोनो हवा होता. हातात मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात उदबत्त्यांचा पुडा. घरात शिरताच त्यांनी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकले, उदबत्ती लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ हात जोडले. देव्हाऱ्यात फक्त वडिलांचा फोटो होता.

"तुमच्या थोरल्या मुलीच्या आत्म्याला शांती लाभो," ते आईला म्हणाले.

थोरली मुलगी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवत होती. आता पाहुण्याला, तेही उदबत्ती लावून झालेल्या पाहुण्याला, तुमचं चुकलं म्हणून कसं सांगायचं? त्यांची मान खाली जायची. आईनं मित्सुएकडे पाहिलं, मित्सुएनं आईकडे. मग आई म्हणाली, आभारी आहे. आमच्या लोकांची ही खोड आहे. पाहुण्याची चूक झाकायला स्वतः मेलेलं चालतं. उसामींनी मित्सुएला विचारलं, आपण कोण? ती म्हणाली, मी घरातलीच. आणि तिनं मला कपाटातून काढून त्यांच्या हवाली केलं. किती सहज दिलं तिनं मला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, दार उघडलं एवढ्यावरच मी खूश होतो.

चित्रपटाच्या गावात मी चैन केली. कायो मिनेगिशी नावाची नटी मला घालायची. तिला सवय झगे घालायची, चालताना ढांगा टाकायची, कपडे सांभाळणाऱ्या बाई तिच्या मागे धावत माझे काठ सारखे करायच्या. रोज नवी जागा, नवा उजेड. माणसं ओरडायची, थांबायची, पुन्हा तेच करायची. पुन्हा तेच करणारी माणसं मला आवडली नाहीत, पण निदान हलत तरी होती.

निरोपाचा प्रसंग एका आडबाजूच्या स्टेशनावर होता. गाडी सुटते, मुलगी फलाटावरून धावते, बाह्या वाऱ्यावर उडतात. त्या दिवशी वाराही कामाला आला. मी जन्मात तसा उडालो नव्हतो. गडबडीत एक गफलत झाली. आगगाडी पडद्यावर ज्या दिशेला जाताना दिसणार होती, तिच्या उलट्या दिशेला आम्ही धावलो. ते लक्षात आलं तोवर गाडीही गेली होती आणि स्टेशनही परत मिळणार नव्हतं. पुढे चित्रपटाच्या तुकड्यांची जोडणी करणाऱ्याने एक युक्ती काढली. धावण्याचा तेवढा तुकडा त्यानं उलटा करून जोडला, आरशात दिसतं तसा. डावं ते उजवं झालं आणि मुलगी गाडीमागे बरोबर धावू लागली. सगळे खूश.

चित्रपट किर्यूला लागला तेव्हा पहिल्या खेळाला उसामी स्वतः आले. गाव लोटलं होतं. हागिवारा काकू पुढच्या रांगेत. फुसाको टोकियोहून आली होती आणि आईच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. पडदा उघडण्याआधी उसामींनी रंगमंचावरून छोटंसं भाषण केलं. दिवंगत मुलीच्या स्मृतीला वंदन केलं आणि मला तिच्या कुटुंबाच्या स्वाधीन करतो म्हणाले. मला घ्यायला मित्सुएच वर गेली. सबंध गाव तिला बारशापासून ओळखत होतं. कोणी हूं की चूं केलं नाही. पाहुण्याची मान खाली जाऊ नये म्हणून सगळ्यांनी शेकडो हातांनी टाळ्या वाजवल्या आणि जिवंत बाईच्या मरणाला मान दिला. ती खाली येऊन बसली, मी तिच्या मांडीवर, कापडात बांधलेला. गाठीतून माझी एक बाही बाहेर राहिली होती, म्हणून मला दिसलं.

स्टेशन आलं. गाडी सुटली. आणि मी पडद्यावर धावत आलो, उलटा.

हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे किमोनो घालताना डावी बाजू वर घेतात, उजवी तिच्या खाली. उजवी बाजू वर फक्त प्रेताला नेसवताना घेतात. लहान पोराचीही गफलत झाली तर आजी हातावर चापट मारते. जोडणी करणाऱ्याने दिशा पाहिली आणि छाती पाहिली नाही. पडद्यावर मित्सुएची नक्कल मेलेल्या माणसाचा वेष करून हसत, धावत येत होती, आणि तिच्या मरणाला अजून अर्धा चित्रपट अवकाश होता.

सगळ्या थिएटरनं एकदम श्वास ओढला. कोणीतरी म्हातारा म्हणाला, अरे, हे काय नेसवलंय पोरीला. आणि मग एकेक मान वळली. पडद्याकडे नाही, मित्सुएकडे.

तिचे हात माझ्यावर होते. मला वाटलं आता ही उठून बाहेर जाणार, घरी जाणार, मला कपाटात ठेवणार, आणि मग ते कपाट कोणी कधी उघडणार नाही. ती उठली खरी, पण गेली नाही.

"उसामीसाहेब," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "ती मी. मी मेलेली नाही. त्या दिवशी तुम्हाला चहा मीच दिला होता."

उसामी खुर्चीतून उठले, इतके वाकले की पुढच्या खुर्चीवर कपाळ आपटलं. लोक हसले. मित्सुएही हसली. तिला हसताना मी कित्येक वर्षांनी ऐकलं. ती परत बसली. चित्रपट चालूच होता, तो कोणासाठी थांबत नाही.

शेवटी मुलगी मेली, तो परत आला, आणि जळलेली बाही त्यानं गालाला लावली. थिएटरभर हुंदके. मित्सुए रडत होती. पडद्यावरच्या मुलीसाठी नाही रडली ती. पडद्यावरचा तो परत आला होता, आणि पडद्याबाहेरचा येणार नव्हता, हे तिला त्या घटकेला कळलं. मला कळलं, कारण सगळं पाणी माझ्या बाहीवर पडत होतं.

घरी आल्यावर फुसाको दारातच गुडघ्यावर बसली. माफी मागत होती, रडतही होती, आणि मग तिला राग आला.

"जिवंत ठेवली असती तर मला तिला तुझ्यासारखंच बसवून ठेवावं लागलं असतं, ताई," ती म्हणाली. "पानामागून पान. मला ते लिहवेना. त्यापेक्षा मेलेली बरी वाटली."

आई म्हणाली, पुरे कर. पण मित्सुए रागावली नाही. तिनं मला चटईवर पसरलं, बाह्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, कात्री दे.

फुसाको जागची हलेना. "आणि इवाओदादा आला तर?"

"आला तर पुन्हा जोडून देईन."

कात्री आईनं आणून दिली. मी घाबरलो होतो हे लपवत नाही. आयुष्यभर ज्यांचा तोरा मिरवला त्या बाह्या माझ्यापासून सुटत होत्या. मित्सुए सावकाश कापत होती, सरळ, विणकरणीचा हात. दुखलं. आणि नंतर असं हलकं वाटलं की मला वाऱ्याचीही गरज उरली नाही.

कापलेल्या बाह्या घेऊन ती इवाओच्या आईकडे गेली, मला अंगावर घालून. जन्मात पहिल्यांदा तिनं समुद्र पाहिला. त्या म्हाताऱ्या बाईनं बाह्या घेतल्या आणि तिला पोटभर मासे खाऊ घातले.

मग आमचे पाय कुठे ठरलेच नाहीत. मित्सुए किर्यूचं कापड विकायला गावोगाव हिंडू लागली. पाठीवर गाठोडं, अंगावर मी. आगगाडी, बाजार, धर्मशाळा, बर्फ. चाळिशीच्या तोंडावर तिनं निइगाताकडच्या एका विधुर नूडलवाल्याशी लग्न केलं. तो दिसायला बेतास बात, बडबड्या, पण त्याच्या रश्शाची चव घेऊन ती परत परत तिथेच उतरत होती. मी झिजलो. तिनं मला उसवलं, धुतलं, फळीवर ताणून वाळवलं आणि आखूड जाकीट केलं. तेही विरलं. आता मी त्यांच्या दुकानात बसायची उशी आहे. रेशमी कुळातला असून लोक माझ्यावर बसतात, मिरच्यांचं तिखट सांडतात. माझी तक्रार नाही. दिवसभर कोणी ना कोणी येतं जातं.

परवा दुकानातल्या टीव्हीवर तो जुना चित्रपट लागला होता. उलटा तुकडा आता काढलाय म्हणतात. माझ्यावर एक ट्रकवाला बसला होता, गेंड्यासारखा माणूस, आणि घळाघळा रडत होता. समोर वाडगा निवत चाललेला.

"बिचारी," तो म्हणाला. "लहान वयात गेली हो. एवढी वाट पाहिली आणि गेली."

मित्सुए आता म्हातारी झाली आहे. गुडघे कुरकुरतात. ती गल्ल्याजवळून उठून आली, त्याच्या वाडग्यात कढईतला गरम रस्सा ओतला आणि म्हणाली, "तिचं बघू नका. तुमचं गार होतंय. खाऊन घ्या."

त्यानं नाक पुसलं आणि जेवला.

माझं एवढंच सांगणं. तुमच्या कपाटात कोणी निजलं असेल, कोणासाठी तरी, कधीतरी म्हणून जपून ठेवलेलं, तर त्याला आजच बाहेर काढा. लांब असेल तर कापा. माझी शिवण एका बाजूनं उसवत आलीय, कापूस बाहेर डोकावतोय. आता मला रजा द्या. दुपारची गर्दी सुरू झाली, आणि दारातून कोणीतरी माझ्याकडेच येतंय.